तुला त्रास होत असेल

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर आईवडिलांच्या पाठोपाठ मी शमुवेल मापगावकर हे नाव घेतो. मोरिवलीतल्या आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी बी.कॉम. झालो तो शमुवेल काकांच्या जेवणाच्या टेबलावर. तीन वर्षं त्यांनी मला ते टेबल दिलं, इंग्रजी दिलं, आल्याचा चहा दिला, आणि बदल्यात कधी एक काम सांगितलं नाही. शनिवारी तर नाहीच. शनिवारी ते फक्त माझ्या तब्येतीची चौकशी करत.

"तुला उकडत असेल," असं ते म्हणाले की मी उठून पंखा लावायचा. "तुला अक्षर दिसत नसेल," म्हणाले की ट्यूबलाइट. एकदा जानेवारीत मी स्वेटर घालून वाचत होतो आणि आदल्या संध्याकाळपासून चालू राहिलेला पंखा डोक्यावर फिरत होता. काका गोधडी पांघरून खुर्चीत बसले होते. बराच वेळ माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझे ओठ निळे पडलेत, अनंता." मी आरशात जाऊन पाहिले. निळे नव्हते. परत येताना पंखा बंद केला.

"मी सांगितलं नाही हं," काका गोधडीतून म्हणाले. "मी नुसतं बोललो."

काका मराठी यहुदी. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत त्यांचा शब्बाथ. तेवढ्या वेळात विस्तव नाही, वीज नाही, प्रवास नाही. दुसऱ्याला काम सांगणंही नाही. मात्र दुसऱ्या कुणी आपल्या स्वतःच्या सोयीसाठी दिवा लावला, तर त्या उजेडात बसायला हरकत नाही. हा नियम काकांनी असा घोटून घेतला होता की शनिवारी त्यांच्या घरी येणाऱ्याला आपल्याला केव्हा काय होतंय, ते काकांकडूनच कळायचं.

अंबरनाथमधल्या त्या दोनमजली इमारतीत नवीन भाडेकरू आला की जिन्यात त्यांना विचारायचा, "काका, तुम्ही नक्की कोण? ख्रिश्चन का?" काका म्हणायचे, "शनवार तेली." कोकणात त्यांचे पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून गावानं दिलेलं हे नाव. ऐकणारा मान हलवून निघून जायचा. पुढचे सहा महिने काकांना कुणी तरी खोबरेल तेलाचा भाव विचारत राहायचं.

आमची ओळखही शनिवारचीच. मी तेव्हा मोरिवलीच्या एका कारखान्यात पॅकिंगला होतो, दुपारची पाळी, तीन ते अकरा. आमच्या सुपरवायझरकडे रजेचा अर्ज द्यायला मी त्या इमारतीत गेलो होतो. पहिल्या मजल्यावर दारात एक उंच, किडकिडीत म्हातारा उभा होता. डोक्यावर गोल टोपी, खिशाला स्टीलची पट्टी.

"आत पंखा आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, "बरं."

"तो फिरत नाहीये."

"बिघडलाय का?"

"अजिबात नाही. बावीस वर्षं चालतोय."

"मग लावा ना."

"लावता येईल. एखाद्याला."

मी घाबरलोच. तेवढ्यात समोरच्या दारातून पाटीलकाकू बाहेर आल्या. "अरे, लाव की रे बाबा पंखा, शनिवार आहे त्यांचा. आणि भाऊजी, पोराला नीट सांगा तरी."

"नीट सांगता येत नाही, तोच तर नियम आहे," काका म्हणाले.

मी आत जाऊन पंखा लावला. टेबलावर माझ्या हातातली पिशवी ठेवली होती, तिच्यातून अकाउंटन्सीचं पुस्तक डोकावत होतं. काकांनी ते पाहिलं. "कुठे बसून वाचतोस?" मी खरं ते सांगितलं. घरात नऊ माणसं, दोन खोल्या, म्हणून कारखान्याच्या सायकल स्टँडवर. ते म्हणाले, "हे टेबल सकाळी आठ ते दोन रिकामं असतं. मी सांगत नाही, बोलतोय." सोमवारी सकाळी आठला मी हजर झालो.

काका एका कारखान्याच्या टूलरूममध्ये चाळीस वर्षं इन्स्पेक्टर होते. पार्ट मोजायचा, आणि 'पास' किंवा 'रिजेक्ट' म्हणायचं. रिटायर झाल्यावर मोजायला पार्ट राहिले नाहीत, म्हणून ते बाकी सगळं मोजू लागले. भाकरीची जाडी व्हर्नियरनं मोजायचे. माझं इंग्रजी पत्र वाचून म्हणायचे, "पहिल्या ओळीत काम, शेवटच्या ओळीत आभार. मधलं सगळं स्क्रॅप." जो माणूस शनिवारी पंख्याचं नाव काढत नव्हता, तो बाकीचे सहा दिवस मला पहिल्या ओळीत काम लिहायला शिकवत होता.

महिन्यातून एकदा ते शेअर रिक्षानं उल्हासनगरला, कॅम्प तीनला जायचे आणि पँटच्या चेन घेऊन यायचे. जीन्सला लावतात त्या पितळी चेन, पाच किंवा सहा. त्यांच्याकडे शिलाई मशीन नव्हतं. जीन्स तर त्यांनी जन्मात घातली नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, "दात मोजून बघ. एका इंचात सगळ्यांचे सारखे नसतात." मी मोजले. खरंच नव्हते. माझा प्रश्न तिथेच संपला.

मासळीबाजारात त्यांची वेगळीच कीर्ती होती. त्यांच्या धर्मात पंख आणि खवले असलेलाच मासा चालतो. कोळंबी नाही, खेकडा नाही. सुरमईचे खवले बारीक असतात, म्हणून काका खिशातून भिंग काढून तिच्यावर ओणवे व्हायचे. मागे गिऱ्हाईकं खोळंबायची. एकदा मी बरोबर होतो. मासेवाली वैतागून म्हणाली, "काका, मावरा घेयाचा हाय का त्याला पोरगी देयाची हाय?"

सगळे हसले. मीही हसलो. काकांनी भिंग खिशात ठेवलं आणि मासा न घेताच चालू लागले.

इमारतीचा जिना चढताना म्हणाले, "मुलगी आहे मला. दीना." मला तीन-चार महिन्यांत हे कुणी सांगितलं नव्हतं. भिंतीवर फक्त मिल्काबाईंचा फोटो होता, काकांच्या बायकोचा.

दीनाताई नोकरीच्या ठिकाणी भेटलेल्या हरीश नावाच्या मुलाच्या प्रेमात पडल्या. तो सिंधी, घरचं जीन्सचं दुकान आणि मागे वर्कशॉप, कॅम्प तीनमध्ये. घरी सांगितलं तेव्हा मिल्काबाई जाऊन वर्ष झालं होतं. शुक्रवारचा दिवा तेव्हापासून दीनाताईच लावायच्या, काचेच्या पेल्यात पाणी आणि वर खोबरेल तेल.

"मी ओरडलो नाही," काका म्हणाले. "मी एवढंच म्हटलं, तुझ्या त्या घरात शुक्रवारी दिवा कोण लावणार? पुढे म्हणणार होतो, तूच लाव म्हणून. शब्द जुळवत होतो. तोवर ती जिना उतरली होती."

ठाण्याला राहणारे त्यांचे थोरले भाऊ फार कडक. त्यांनी निरोप पाठवला की मुलगी धर्माबाहेर गेली म्हणजे ती आपल्याला मेली, मेलेल्या माणसासाठी बसतात तसं सात दिवस जमिनीवर बस. काका बसले. पाटीलकाकूंनी मला नंतर कधी तरी भेटल्या तेव्हा सांगितलं, जेमतेम अर्धा तास बसले आणि मग गुडघे धरून उठले. भावाला त्यांनी फोन केला. "जिवंत मुलगी मेली असं मी वर कळवू? चाळीस वर्षांत खोट्या रिपोर्टवर सही केली नाही मी." आणि रिसिव्हर ठेवता ठेवता काकूंना म्हणाले, "याच्याकडे टॉलरन्स शून्य, केसभर फरक चालत नाही. असा पार्ट जगात बनतच नाही."

पण दीनाताईंना हे कुणी कळवलं नाही. त्यांचा नवा पत्ता कुणाकडे नव्हता, आणि काका कॅम्प तीनला जाऊन जे काही करायचे ते चेनच्या दातांच्या मापासाठी करतात, असाच माझा समज होता.

आता फोनचं सांगतो.

काकांकडे लँडलाइन होता, स्टुलावर, मिल्काबाईंनी विणलेल्या रुमालावर ठेवलेला. दर शनिवारी साडेअकराच्या सुमारास तो वाजायचा. बारा-तेरा रिंग व्हायच्या आणि थांबायचा. इतर कुणी शनिवारी करत नसे, काका उचलणार नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. रिंग सुरू झाली की काका प्रार्थनेचं पुस्तक मिटून त्यात बोट घालून ठेवायचे आणि माझ्याकडे बघायचे.

"तुला त्रास होत असेल या आवाजाचा," ते म्हणायचे.

"नाही काका. भोंग्याच्या आवाजात शाळा शिकलोय मी."

"तसं नाही. एखाद्याला होतो."

"मला नाही होत."

"बरं. तू सोशीक आहेस."

हे जवळजवळ दर शनिवारी व्हायचं. मी फोन का उचलला नाही, हे आज स्वतःला विचारतो तेव्हा मला एका चहाची आठवण होते. पहिल्याच महिन्यात एका शनिवारी काकांचं डोकं दुखत होतं. मी न विचारता गॅस पेटवला आणि चहा करून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी कप हातातही घेतला नाही. फार हळू आवाजात म्हणाले, "हा तू माझ्यासाठी केलास ना, म्हणून मला चालत नाही. तू तुझ्यासाठी कर, मग मी कुठे तरी जवळपास असेन." त्या दिवशी मी ठरवलं की शनिवारी या घरात काकांसाठी म्हणून काहीही करायचं नाही. मला खरोखर उकडलं तर पंखा. मला खरोखर दिसलं नाही तर दिवा. आणि फोनचा मला खरोखर त्रास होत नव्हता. मी खोटं कसं बोलणार? मी त्या माणसाकडून खरं बोलायला शिकत होतो.

पाटीलकाकू असत्या तर त्यांनी मला एक टपली मारली असती. पण मी येऊ लागल्यावर थोड्याच दिवसांत त्या मुलाबरोबर पालेगावच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहायला गेल्या होत्या. आता शनिवारी काकांच्या घरात बाहेरचा असा मी एकटाच होतो.

शेवटच्या वर्षाची परीक्षा महिन्यावर आली. शनिवारी फोन वाजला. काकांनी पुस्तकात बोट घातलं. त्या दिवशी त्यांचा आवाज वेगळा होता, घाईचा.

"आता मात्र तुला त्रास होत असेल. परीक्षा आलीय. एवढं वाजतंय. कुणालाही होईल."

मी मान वर करून पाहिलं. ते अर्धवट खुर्चीतून उठले होते. मला वाटलं, हा माणूस माझ्या अभ्यासासाठी किती जीव टाकतो. आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की त्यांचं बोलणं मला कळलं. रिंग थांबेपर्यंत मी थांबलो. मग स्टुलाजवळ गेलो, रिसिव्हर उचलला आणि रुमालावर बाजूला काढून ठेवला. त्यानं थोडा वेळ कुईकुई केलं आणि गप्प झाला.

"आता नाही होणार, काका," मी म्हटलं.

ते रिसिव्हरकडे बघत उभे होते. "तू तुझ्यासाठी केलंस?"

"हो."

"मग ठीक आहे," म्हणाले आणि बसले.

त्यानंतरचे चार शनिवार मी आल्या आल्या रिसिव्हर काढून ठेवला. परत ठेवण्यासाठी त्यांना त्याला हात लावता येत नव्हता, आणि 'ठेव' असं मला सांगताही येत नव्हतं. एकदा ते म्हणाले, "तुला तो असा उताणा पडलेला बघवत नसेल." मी म्हटलं, "मी बघतच नाही काका. डोकं वर काढत नाही मी." ते म्हणाले, "हो. ते दिसतंय."

परीक्षा संपली आणि मी रिसिव्हर काढणं बंद केलं. पण आता साडेअकराला काहीच वाजेना. दोन-तीन शनिवार गेले तेव्हा मी आपला आनंदानं म्हणालो, "बघा काका, तो फोन येणंच थांबलं."

"हो," काका म्हणाले. "तुला बरं वाटत असेल."

निकाल लागला. गुणपत्रिका घेऊन मी धावत गेलो. काकांनी ती उजेडात धरली, व्हर्नियरनं कागदाची जाडी मोजली आणि म्हणाले, "पास." मग आत जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवला.

पुढच्या वर्षी ते न्हाणीघरात पडले. थोरले भाऊ तोवर वारले होते, त्यांचा मुलगा योसी इस्राएलहून काकांना न्यायला आला. योसी लहानपणी ठाण्यात वाढलेला, आता दाढी, काळा कोट, आणि वडिलांपेक्षा कडक. त्यानं स्वयंपाकघराची तपासणी केली. त्यांच्या धर्मात दूध आणि मांस यांची भांडीही वेगळी ठेवतात, आणि इथे दुधाचे चमचे आणि मटणाचे चमचे एका खणात सापडले. काका म्हणाले, घरात मटण शिजून आठ वर्षं झाली. योसी म्हणाला, चमच्यांना ते माहीत नाही. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "आयुष्यभर दुसऱ्यांचे पार्ट रिजेक्ट केले. आता मी टेबलावर आलोय."

योसीला मी नावं ठेवणार नाही. सख्खी मुलं आईबापांना जेवढं बघत नाहीत तेवढं त्यानं काकांना बघितलं. "वडिलांच्या भावाला एकटं ठेवलं तर माझ्या प्रार्थनेला काय अर्थ?" असं तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. पण मी दीनाताईंचं नाव काढलं तेव्हा त्याच मनापासून म्हणाला, "ते नाव आमच्या घरात कुणी घेत नाही."

सामान बांधताना कपाटाचा खालचा खण उघडला. त्यात चेन होत्या. दोनशेच्या वर असतील. पाच-सहाची एकेक जुडी, प्रत्येक जुडीला कागद, कागदावर काकांच्या अक्षरात दुकानाचं नाव आणि पुढे एकच शब्द, 'नाही.' वेगवेगळ्या दुकानांची नावं होती. म्हातारा माणूस जीन्सच्या गल्लीत एकेका दुकानात शिरायचा, काही तरी घेतल्याशिवाय उगाच डोकावणं बरं दिसत नाही म्हणून चेन घ्यायचा, आणि घरी येऊन रिपोर्ट लिहायचा. मी ते कागद वाचले आणि खण मिटला.

निघताना काका जिन्यात थांबले. "अनंता, तू कधी कॅम्प तीनला जातोस का?"

"नाही काका."

"जात असशील कधी."

"माझं काही काम नसतं तिकडे."

"बरं," काका म्हणाले. चेन बघितल्यानंतरही मी असं बोललो, हे मला आज लिहायलाही जड जातंय. खरं बोलायची सवय फार वाईट लागली होती.

सुरुवातीला त्यांचे फोन यायचे. "इथे शनिवारी कुणाला उकडतच नाही. सगळ्या बटणांना टायमर लावलेत. बोलायला कारणच मिळत नाही." एकदा म्हणाले, "अंबरनाथला मी कडक होतो. इथे मी ढिला निघालो." हळूहळू फोन थांबले.

मी एम.कॉम., बी.एड. केलं, बदलापूरच्या एका ज्युनियर कॉलेजात लागलो, लग्न झालं, मुलगा झाला. मुलगा पंधरा वर्षांचा झाला तसा त्याला जीन्स कॅम्प तीनचीच हवी होती. परवाच्या शुक्रवारी संध्याकाळी आम्ही तिथे गेलो. एका दुकानात शिरलो तर काउंटरमागची बाई म्हणाली, "भाऊ, दोन मिनिटं थांबा हां. सूर्य जायच्या आत एक काम आहे." बाजूला खुर्चीवर तिची म्हातारी सासू होती. ती म्हणाली, "बैठो साईं. शुक्रवार का दिया है. बीस-पच्चीस साल से लगाती है बहू. लक्ष्मी आती है."

काउंटरच्या मागे झूलेलालच्या तसबिरीखाली फळीवर काचेचे दोन पेले होते. त्यात पाणी, वर खोबरेल तेल. बाईनं वाती पेटवल्या, तळव्यांनी डोळे झाकले आणि ओठांतल्या ओठांत काही तरी म्हटलं. मग वळून माझ्या मुलाच्या कमरेला टेप लावली, जीन्सची शिवण अंगठ्यानं दाबून पाहिली आणि म्हणाली, "पास."

मी विचारलं, "तुम्ही मापगावकरांच्या दीनाताई का?"

त्यांनी टेप गुंडाळायला घेतली. पूर्ण गुंडाळून झाल्यावर म्हणाल्या, "कोण तुम्ही?"

मी सांगितलं. टेबल, तीन वर्षं, बी.कॉम. त्या ऐकत होत्या. "म्हणजे पाटीलकाकूंनंतर तुम्ही," त्या म्हणाल्या.

"शनिवारी फोन तुम्ही करायचात?"

"मग कोण? मी लहान असताना शनिवारी फोन वाजला की बाबा काकूंना म्हणायचे, तुम्हाला त्रास होत असेल. काकू येऊन उचलायच्या, बोलायच्या, मोठ्यानं सांगायच्या कुणाचा आहे ते. बाबा ऐकायचे. आमच्या घरात असंच चालायचं." त्यांनी टेप काउंटरवर ठेवली. "बाबांशी सरळ बोलायची माझी हिंमत नव्हती हो. मला वाटलं, काकू उचलतील. मी म्हणेन, बाबांना सांगा, मी दिवा लावते. तेवढंच होतं सांगायला. तीन वर्षं केला. मग एक दिवस एंगेज. पुढच्या शनिवारी एंगेज. चार वेळा. बाबा तोंडानं नाही म्हणत नाहीत कधी. मी समजले, फोन काढून ठेवला. म्हणजे उत्तर आलं."

"तो मी काढून ठेवला होता," मी म्हटलं.

"तुम्ही? का? तुम्हाला त्रास होत होता?"

"नाही," मी म्हटलं. "मला काहीच त्रास होत नव्हता."

माझा मुलगा कधी माझ्याकडे, कधी त्यांच्याकडे बघत होता. दीनाताईंनी जीन्स घडी केली. उलगडून परत घडी केली. सासू म्हणाली, "क्या हुआ, बहू?" त्या म्हणाल्या, "कुछ नहीं, मम्मी. अंबरनाथवाले हैं."

शनिवारी रात्री उशिरा, तिकडचा शब्बाथ संपल्यावर, मी योसीला फोन लावला. काका आहेत, तो म्हणाला, तब्येत बरी आहे. पण दोन्ही कानांनी आता काहीच ऐकू येत नाही, मशीन लावूनही नाही. वाचतात मात्र अजून, भिंग घेऊन. रविवारी सकाळी मी हे पत्र लिहिलं आणि सोमवारी स्वतः पोस्टात जाऊन टाकलं.

*

प्रिय काका,

काम: दीनाताईंना आपल्या हातानं पत्र लिहा. आज रविवार आहे, म्हणून मी नुसतं बोलत नाही, सरळ सांगतो आहे. पत्ता पाकिटावर मागे लिहिला आहे. तुमच्या चेनच्या कागदांमध्ये त्या दुकानाचं नाव नव्हतं. गल्लीच्या वळणावर, आतल्या बाजूला आहे. तुम्ही तीन दुकानं अलीकडे थांबलात.

दिवा दीनाताईच लावतात. काचेचा पेला, पाणी, खोबरेल तेल. सूर्य मावळायच्या आत, गिऱ्हाईक उभं असलं तरी. तुमचं वाक्य अर्धं राहिलं होतं, ते त्यांना आता मी सांगितलं आहे. त्या सासूला आणि मुलांना काय सांगतात ते मी विचारलं नाही. योसीभाऊंच्या मापात ते बसेल की नाही, हे मला ठरवता येत नाही. तुम्ही इन्स्पेक्टर आहात, तुम्ही ठरवा.

शनिवारचा तो फोन त्यांचाच होता. हे तुम्हाला माहीत होतं, मला नव्हतं. परीक्षेच्या वेळचे ते चार शनिवार त्यांना एंगेज लागला, आणि तुम्ही फोन काढून ठेवलात असं त्या इतकी वर्षं समजत होत्या. मी काढला होता हे त्यांना सांगितलं. तुम्ही त्यांना लिहाल तेव्हा हेही पुन्हा लिहा, म्हणजे त्यांची खात्री पटेल.

तुम्हाला आता ऐकू येत नाही असं कळलं. दीनाताईंचा आवाज थोडा घोगरा आहे. 'पास' म्हणताना तुमच्यासारखाच शेवट तोडतात. यापेक्षा नीट मला लिहिता येत नाही.

मधलं सगळं स्क्रॅप असतं, असं तुम्ही म्हणायचात. हे तसं समजू नका.

शेवटच्या ओळीत आभार मानायचे असतात. टेबलाबद्दल, इंग्रजीबद्दल आणि चहाबद्दल मी तुमचा जन्मभर आभारी आहे. पण तो फोन वाजत होता, काका, आणि मला तो नीट ऐकू येत होता.

तुमचा,
अनंता